आठवी आई

सेक्टर २४, चंडीगड
३ डिसेंबर १९९०

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. बाबांनी पाकिटावर नेहमीप्रमाणे टाकण्याची वेळ पेन्सिलीने लिहिली होती, त्यामुळे सहा दिवस लागले हे कळलं. पोस्टमास्तर निवृत्त झाले तरी शिक्क्यांवरचा त्यांचा राग निवृत्त झालेला नाही.

माझी तब्येत ठीक आहे. 'ठीक' हा शब्द तुला चालत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सहावा संपला. रक्तदाब बरोबर, पायांना थोडी सूज, दमा या थंडीत दोनदाच उठला आणि दोन्ही वेळा वाफेने बसला. ४ जानेवारीची तिकिटं आहेत. श्यामकांत मला नगरला सोडून दोन दिवसांत परत येतील. त्यांच्या वैद्यकीय संस्थेत सध्या रजा मिळणं अवघड आहे, जखमी माणसं फार येतात. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांच्या प्रमुखांनाही पटलं. त्यांच्याकडेही तसंच करतात म्हणे.

परवा मी सेक्टरच्या बाजारात पाव आणायला गेले होते.

__________________

सोबत नवी गोष्ट पाठवते आहे, 'मंगळावरचं पाणी'. राजाभाऊंना ती मासिकाच्या सुट्टीच्या अंकासाठी हवी आहे. माझं अक्षर त्यांच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांना लागत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून नेहमीसारखी तू उतरवून त्यांच्याकडे पाठव. बारा वर्षांची पद्मिनी वसाहतीतलं आटलेलं पाणी शोधायला बोगद्यात शिरते. बोगदा मला बरा जमला आहे असं वाटतं. तुला वाटलं नाही तर सांग, मनात ठेवू नकोस.

बाबांना नमस्कार. तुझ्या हातचं अक्षर बघायला मिळालं की दिवस बरा जातो, तेव्हा लवकर लिही.

तुझी,
लीना


नगर
१२ डिसेंबर १९९०

चि. सौ. लीनास,
अ. उ. आ.

तुझी गोष्ट आणि तुझी रेघ, दोन्ही पोचली. रेघेबद्दल मी विचारणार नाही. नियम मीच घातला आहे. तू सात वर्षांची होतीस, दम्यामुळे शाळेत घालता येत नव्हतं. ओट्याशेजारी पाट टाकून मी तुला पत्रलेखन शिकवत होते. मावशीला लिहिताना तू फुलदाणी फोडल्याचं सोडून 'सर्व कुशल' असं लिहिलंस. तेव्हा मी सांगितलं की पत्रात खोटं लिहायचं नाही. सांगायचं नसेल तर नुसती रेघ ओढायची आणि वाचणाऱ्याने विचारायचं नाही. तेव्हा विचारत नाही. फक्त पाव मिळाला का, एवढं कळव.

आता गोष्टीबद्दल. मनात ठेवू नकोस म्हणालीस म्हणून लिहिते.

पहिलं पान उतरवलं. दुसऱ्या पानावर पद्मिनीची आई हवेच्या खोलीतल्या स्फोटात गेली, आणि माझा हात थांबला. मग मी उठून ट्रंकेतून तुझे सगळे जुने अंक काढले. लीना, तुझ्या सात गोष्टी छापून आल्या. त्यातल्या सहांमध्ये आई मेलेली आहे. एक तापाने, एक पुरात, एक विमान पडून, दोन 'लहानपणीच', आणि एक कशाने ते तू सांगितलंच नाहीस. सातवी जिवंत आहे. ती पाणबुडी निघताना लाडवांचा डबा घेऊन धक्क्यावर उभी राहते, मुलगा डबा घेतो, आणि त्यानंतर एकोणीस पानांत तिचं नाव नाही. नाव म्हणजे काय, तिला नावच नाही. मामाला आहे, कप्तानाला आहे, माकडालासुद्धा आहे. तो डबा परत आला की नाही तेही तू लिहिलं नाहीस.

त्या सहाजणींना मी माझ्या हाताने, स्वच्छ अक्षरात, समासासकट मारलं. कधी बोलले नाही, कारण लक्षातच आलं नाही. रागावलेले नाही. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की आई घरात असली तर साहस होत नाही का? ही पुस्तकं तुला मीच वाचून दाखवली, तेव्हा दोष माझाही असेल.

तुझे बाबा म्हणतात, आपल्याला तरी एक गोष्ट संपेपर्यंत जगवलं आहे का ते बघ. बघितलं. वडील बहुधा शास्त्रज्ञ असतात आणि हरवतात, पण सापडतात.

डिंक आणला आहे. ४ तारखेची वाट बघते. स्वेटर घालतेस ना?

तुझी,
आई


चंडीगड
२० डिसेंबर १९९०

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाव मिळाला.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा स्वतःचा राग आला. मग वाटलं, तू विचारलं आहेस तर नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून दोन दिवस विचार केला.

राजाभाऊंचं मत मला ठाऊक आहे. त्यांनी पहिल्याच गोष्टीच्या वेळी सांगितलं होतं की आई असली की ती 'स्वेटर घाल' म्हणते आणि गोष्ट तिथेच संपते. (तुझ्या पत्राची शेवटची ओळ बघ.) मी ते मानलं. आपण वाचलेल्या पुस्तकांत मला आठवतात त्या आया अशा: मेलेली, वाट बघणारी, राक्षसाने पळवलेली म्हणून सोडवायची, आणि परग्रहावरची दुष्ट राणी, जी शेवटी कुणाची तरी आई निघते. एकात तर गोड आवाजाचं यंत्रच आई होतं, ते अंगाई म्हणायचं. बोगद्यात शिरणारी आई एकाही पुस्तकात नव्हती. पण हे सगळं दुसऱ्यांवर ढकलणं झालं.

खरं कारण लाजिरवाणं आहे. मी खिडकीत बसायचे आणि बाहेर मुलं चिंचेवर चढायची. तू मला सोडायची नाहीस. तुझं बरोबर होतं, मी निळी पडायचे. पण गोष्ट रचताना मला चिंचेवर चढायचं असायचं, आणि तू दारात असताना ते जमायचं नाही. म्हणून तुला आधी बाहेर काढावं लागे. मी तुला मारत नव्हते गं, फक्त दार मोकळं करत होते. लिहिल्यावर हेही बरं वाटत नाही.

आता वाईट बातमी. तिकिटं रद्द केली. श्यामकांतांची रजा नामंजूर झाली, आणि मला एकटीला ते पाठवणार नाहीत.

__________________

बाळंतपण इथेच होईल. खालच्या मजल्यावर पद्मिनी शर्मा म्हणून शिक्षिका आहेत (गोष्टीतलं नाव त्यांचंच), त्या मदत करतील. एक विनंती आहे, आणि ती आज्ञा समजलीस तरी चालेल. तू येऊ नकोस. पुण्यापलीकडे तू एकटी कधी गेलेली नाहीस, आणि जिथे पहिल्यांदा जायचं ती जागा ही नव्हे. तू नगरला आपल्या दारात उभी आहेस एवढं मला माहीत असलं की मी सगळं करू शकते.

बाबांना सांग, तिने ऐकलं नाही तर तुम्ही तरी ऐका.

तुझी,
लीना


नगर
२८ डिसेंबर १९९०

चि. सौ. लीनास,
अ. उ. आ.

म्हणजे याही गोष्टीत मी धक्क्यावरच.

१५ जानेवारीची संध्याकाळची गाडी, बायकांच्या डब्यात आरक्षण झालं. संक्रांत करून निघते. १७ तारखेला सकाळी अंबाल्याला उतरेन, जावईबापूंनी तिथे यावं. तुझ्या बाबांचा गुडघा दोन दिवसांच्या प्रवासाला तयार नाही, त्यामुळे ते येत नाहीत. त्यांनी दोन तास माझ्या ट्रंकेला दोरी बांधली. इतकी घट्ट बांधली की ती सोडवायला मला आता कुणीतरी शास्त्रज्ञ लागेल.

बरोबर डिंकाचे लाडू, अहळीव, बाळंतकाढा, जुन्या धोतरांची दुपटी आणि तिळगूळ. हिंदी येत नाही असं म्हणू नकोस. मी रेडिओवर तीस वर्षं ऐकते आहे, उत्तर द्यायची वेळ आली नव्हती इतकंच.

गोष्ट राजाभाऊंना पाठवलेली नाही. पहिलं पान उतरवलं आहे, तिसऱ्यापासून शेवटपर्यंतही उतरवलं आहे. दुसरं पान कोरं ठेवलं आहे. मी लेखक नाही, मला त्यात भर घालता येत नाही. पण मी या आठव्या आईला मारणारही नाही. पान घेऊन येते, तू भर.

स्वेटरबद्दल बोलत नाही. पण घाल.

तुझी,
आई


चंडीगड
६ जानेवारी १९९१
(एक्स्प्रेस डिलिव्हरी)

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. तार करणार होते. पण आपल्या गल्लीत तार म्हणजे कुणीतरी गेलं, आणि ती बाबांच्याच हातात पडणार, म्हणून केली नाही. हे पत्र चार दिवसांत पोचायला हवं.

आता मी सगळ्या रेघा भरते, म्हणजे तू येणार नाहीस.

पहिली. १ डिसेंबरला पावाच्या दुकानाबाहेर बाकावर एक ट्रान्झिस्टर पडला होता. मी पाव घेऊन निघाले आणि वळणापर्यंत आले तेव्हा तो फुटला. मला काहीही झालं नाही. दुकानदाराची बहीण गल्ल्यावर बसायची, ती गेली. पाव माझ्या हातात होता. तो मी घरी आणला, का आणला ते कळत नाही, आणि तो कुणी खाल्ला नाही.

दुसरी. श्यामकांतांच्या विभागातल्या एका डॉक्टरांना अतिरेक्यांची चिठ्ठी आली, शहर सोडा म्हणून. त्यांनी सोडलं. रजा नामंजूर होण्याचं कारण तेच, माणसंच उरलेली नाहीत. आणि त्या आठवड्यात अंबाल्याच्या रस्त्यावर एक बस थांबवून माणसं उतरवली. नावं विचारली. काहींना परत बसवलं नाही.

तोच रस्ता तुझा आहे. तिथे नाव विचारतात आणि कपाळ बघतात. तुझ्या तोंडून एक वाक्य निघालं तरी तू परकी आहेस हे कळेल. मला घाबरवून मोठं करून सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. जे झालं तेवढंच लिहिलं आहे. आई, मी चिंचेवर चढले नाही तरी चालेल. येऊ नकोस.

लीना


नगर
१६ जानेवारी १९९१

चि. सौ. लीनास,
अ. उ. आ.

तुझं एक्स्प्रेस पत्र आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळालं. तुमच्याकडचा शिक्का सहाचा आहे, दिल्लीचा तेराचा. सात दिवस ते कुठे होतं हे मी लेखी विचारणार आहे. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण एका पत्राला उशीर म्हणजे काय ते आज समजलं.

ती काल संध्याकाळी गेली. पत्र तिच्या नावाचं होतं, तरी उघडलं. दुसऱ्याचं पत्र मी आजवर उघडलेलं नाही.

स्टेशनवर तिने मला सांगितलं की कुंड्यांना पाणी घाला आणि गाडी सुटेपर्यंत उभे राहू नका, गुडघा दुखेल. मी उभा राहिलो. खिडकीतून हात हलवताना ती तुझ्या गोष्टीतल्या त्या मुलासारखी दिसत होती आणि डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या जागी मी होतो. ते मला तेव्हा गमतीचं वाटलं.

ती पोचली की तार कर. या गल्लीला काय वाटायचं ते वाटू दे.

तुझे,
बाबा


चंडीगड
१७ जानेवारी १९९१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टाकता येणार नाही हे माहीत असून लिहिते आहे. आज पहाटेपासून संचारबंदी आहे. श्यामकांत अंबाल्याला निघाले होते, त्यांना सेक्टरच्या नाक्यावरूनच परत पाठवलं. नंतर संस्थेची गाडी येऊन त्यांना कामावर घेऊन गेली.

दहा वाजता शर्माबाईंच्या फोनवरून अंबाला स्टेशन लागलं. रुळांजवळ काहीतरी सापडलं म्हणून गाडी अलीकडच्या लहान स्टेशनावर थांबवली आहे, कधी सुटेल ते सांगता येत नाही. दोन वाजता पुन्हा लावला. प्रवासी उतरून जमेल तसे गेले, असं म्हणाले. जमेल तसे म्हणजे कसे, हे विचारेपर्यंत फोन कापला गेला. त्यानंतर लागलेला नाही.

मी सकाळपासून दारात उभी आहे. शर्माबाई दोनदा खुर्ची ठेवून गेल्या, मी बसत नाही. समोरच्या रस्त्यावर दोन जवान आणि एक कुत्रं एवढंच आहे. बाबा, सात गोष्टी लिहिल्या, पण दारात उभ्या राहिलेल्या बाईला काय होतं ते मी कधी लिहिलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. वाट बघणं हे काही न करणं आहे असं मी समजत होते. बाळ आज फार हलतं आहे.

पाच वाजले. अजून नाही.

१८ जानेवारी. अकरा वाजता संचारबंदी दोन तास उठली. सव्वाअकराला जिन्यावर पावलं वाजली आणि कुणीतरी मराठीत म्हणालं, "किती पायऱ्या बांधल्यात या मेल्यांनी." आई आली आहे. धडधाकट आहे. तिचं पत्र लिहून झालं की याच पाकिटात घालते. तार आत्ताच करायला सांगितली आहे.

आपली,
लीना


चंडीगड
१९ जानेवारी १९९१

ती. स्व. यांस,
सा. न. वि. वि.

पोचले. कुंड्यांना पाणी घालत असालच. लेकीच्या पायाला सूज आहे, बाकी छान आहे. ट्रंकेची दोरी जावईबापूंनी शेवटी कात्रीने कापली.

गाडी थांबली तिथे स्टेशनावर बायकांचा घोळका होता. त्यात गुरमीत कौर म्हणून एक बाई, माझ्याच वयाची. तिचीही लेक चंडीगडला बाळंतपणाला आलेली. आम्ही दोघींनी एकमेकींच्या ट्रंका बघितल्या आणि ओळख झाली. रात्री तिच्या मावसभावाकडे राहिले, आणि सकाळी त्याच्याच दुधाच्या गाडीतून निघालो. वाटेत गाडी थांबवली.

__________________

साडेअकराच्या आत लीनाकडे पोचले.

२० तारीख. काल वर रेघ ओढली ती आज भरते. लीना म्हणाली, बाबा ती रेघ बघून जेवणार नाहीत. शिवाय मी आले तेव्हा तिने काही न विचारता करंड्यातलं कुंकू मला लावलं, म्हणजे तिला निम्मं कळलंच होतं.

गाडी थांबवणारे चार जण होते, तोंडं बांधलेली, हातात बंदुका. ते लांबून दिसले तेव्हाच गुरमीतने तिच्या ओढणीच्या टोकाने माझं कुंकू पुसलं आणि आपली जाड शाल डोक्यावरून पायापर्यंत गुंडाळून मला दुधाच्या कॅनमागे बसवलं. कुंकू पुसताना मी तुमचं नाव मनात घेतलं. त्यांनी नाव विचारलं. गुरमीत म्हणाली, "मेरी वड्डी भैण ए. बोल नहीं सकदी." मोठी बहीण आहे, मुकी आहे. त्यातल्या एकाने माझ्याकडे वाकून पुन्हा विचारलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि गप्प राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, जाओ माताजी.

तुम्ही म्हणाल, सुहासिनी गप्प राहिली ही यातली न पटणारी गोष्ट आहे. पण मी खोटं बोलले नाही. खोटं ती बोलली, माझ्यासाठी. मी फक्त रेघ ओढली.

आता हे कुणाला सांगत बसू नका. बाळंतपण उरकून, उन्हाळ्यात येते. खानावळीचा डबा वेळेवर घ्या, गुडघ्याला तेल लावा.

तुमची,
सुहासिनी


चंडीगड
५ फेब्रुवारी १९९१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं १६ तारखेचं पत्र मिळालं, आणि आईचं मिळाल्याचं दोन ओळींचं पत्रही. त्या दोन ओळींखालची तुमची रेघ बघितली. आम्ही विचारत नाही.

दुसरं पान भरलं. पद्मिनीच्या आईला नाव दिलं आहे, आणि बोगद्यात तीच शिरते. पद्मिनीने 'मी येते' म्हटल्यावर ती नाही म्हणत नाही, 'आधी मी बघून येते' असं म्हणते. मग पद्मिनी दारात उभी राहते. दारातली ती दोन तासांची जागा मी दीड पान लिहिली आहे. राजाभाऊ कापतील असं वाटतं. त्यांना कळवलं आहे की पुढची सगळी पानं बदलावी लागतील आणि अंक चुकला तरी चालेल. त्यांचं उत्तर आलं नाही. एरवी याच काळजीने माझा दमा उठला असता.

काल संचारबंदी नव्हती. गुरमीत मावशी आल्या होत्या, त्यांना नातू झाला. आईने वाटेत लाडवांचा आपला पितळी डबा त्यांच्या लेकीसाठी दिला होता, तो त्या पंजिरीने भरून घेऊन आल्या. पंजिरी म्हणजे त्यांच्याकडचं बाळंतिणीचं खाणं, तुपात भाजलेलं. दोघी समोरासमोर बसून तासभर बोलल्या. एक पंजाबीत, एक मराठीत. मला दोन्ही समजत असून त्यांचं काय चाललं आहे ते कळेना, त्यांना मात्र कळत होतं.

त्या गेल्यावर आई खिडकीपाशी उतरवायला बसली. मी दुसरं पान तिच्या हातात दिलं आणि ती वाचेपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहिले. संध्याकाळी स्वच्छ अक्षरातला कागद बघितला, तर शेवटी तिने एक वाक्य स्वतःचं घातलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ते ठेवलं आहे. ते असं: 'आई बोगद्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डबा होता, आणि तो रिकामा नव्हता.'

आपली,
लीना